मदत हवी आहे: पेटंट संपलेल्या औषधाच्या नव्या उपयोगासाठी अर्ज करायचा कोणी?

नमस्कार मंडळी. मी तारापूरला एका मध्यम औषध कंपनीत रेग्युलेटरीला (सरकारी मंजुऱ्यांचं काम) आहे. परवा मीटिंगमध्ये लिग्नोकेनचा विषय काढला आणि तोंडघशी पडलो.

दात काढताना देतात तेच हे औषध. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १६०० रुग्णांवर चाचणी झाली. स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं तिच्याभोवती ०.५ टक्के लिग्नोकेन टोचायचं, बस. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. आमच्या खोक्यातल्या घडीच्या कागदावर मात्र उपयोग एकच: स्थानिक भूल.

साहेब म्हणाले, "सीटी-२१ (नवं औषध बनवून विकण्याच्या परवानगीचा अर्ज) आपण भरायचा, एसईसीपुढे (तज्ज्ञ समितीपुढे) आपण उभं राहायचं, आणि माल शेजारच्यानेही विकायचा?" चूक नाही त्यांची. पेटंट कायद्याच्या कलम ३(ड)मुळे जुन्या रेणूच्या नव्या उपयोगाला पेटंट नाही (ते कलम हवंच, त्यावर वाद नको), डेटा एक्स्क्लुझिव्हिटीही (आपल्या चाचणीच्या माहितीवर इतरांना काही काळ विसंबू न देण्याचं संरक्षण) नाही. मंजुरीनंतर चार वर्षं ते 'नवं औषध' धरतात, पण त्याने शेजारी अडत नाही. त्यालाही दिल्लीची, म्हणजे सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची परवानगी लागते, इतकंच.

खरी गोम पुढे आहे. नवी औषधं आणि चाचण्यांच्या २०१९च्या नियमांत 'अकॅडेमिक' (डॉक्टर किंवा संस्थेने संशोधनासाठी केलेल्या) चाचणीची व्याख्याच अशी की तिचे निकाल विक्रीच्या मंजुरीसाठी वापरायचेच नाहीत. मग डॉक्टरांनी पदरमोड करून जमवलेला पुरावा फायलीत लावायचा कसा?

अमेरिकेसारखी मक्तेदारी मला नको. तिथे २००९ मध्ये कोल्चिसीन या गाउटवरच्या जुन्या औषधाला मक्तेदारीसह मंजुरी मिळाली आणि काही सेंटची गोळी जवळजवळ पाच डॉलरवर गेली. मला पटतं ते इंग्लंडचं. स्तनाच्या कर्करोगाच्या प्रतिबंधासाठी अ‍ॅनास्ट्रोझोल या पेटंट संपलेल्या औषधाला नोव्हेंबर २०२३ मध्ये परवाना मिळाला, त्यामागे एनएचएसचा (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा) खास कार्यक्रम होता. अर्ज अ‍ॅकॉर्डने ना-नफा तत्त्वावर केला आणि तो परवाना इतर उत्पादकांनाही खुला ठेवला. अ‍ॅकॉर्ड म्हणजे आपल्या अहमदाबादच्या इंटासचीच कंपनी!

तर जाणकारांनो, रुग्णालयाने केलेल्या चाचणीच्या जोरावर जेनेरिक कंपनीने नवा उपयोग मंजूर करून घेतल्याचं आपल्याकडचं एखादं उदाहरण ठाऊक आहे का? फी माफी, किंवा सरकारी खरेदीत प्राधान्य, असं काही मागता येतं का, आणि कोणाकडे? सीडीएससीओशी अर्जाआधी बोलणी केलेल्या कोणी अनुभव सांगितला तर फार बरं होईल. सोमवारी साहेबांपुढे दोन पानी टिपण ठेवायचंय. 'लॉबिंग करा' हा सल्ला मिळालाय, तो सोडून सांगा.