केवळ रक्त पातळ होण्याचा प्रश्न नाही
हृदयशस्त्रक्रियेत 'प्लाझ्माऐवजी (रक्तातील द्रव भागाऐवजी) दिलेल्या द्रावणांनी रक्त पातळ होते, म्हणून रक्तस्राव वाढतो' असे म्हटले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. अशा द्रावणांपैकी एक असलेल्या हायड्रॉक्सीइथाइल स्टार्चमुळे फॉन विलेब्रांड घटक आणि आठवा घटक ही रक्त गोठवणारी प्रथिने निव्वळ पातळ होण्याने घटतील त्याहून अधिक घटतात, शिवाय गुठळी धरून ठेवणारी फायब्रिन धाग्यांची जाळी कच्ची विणली जाते. शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनने प्लेटलेट्स (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) आधीच दमवलेल्या असताना हे महागात पडते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये अशा शस्त्रक्रियांतील जादा रक्तस्रावाचा इशारा दिलाच होता.

आमच्या काकांना रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरला हृदयशस्त्रक्रियेसाठी नेले होते, आणि त्यांना स्टार्च दिले गेले होते. छातीतले रक्त नळीवाटे ज्या बाटलीत साठे, तिच्यावर परिचारिका तासातासाला पट्टीवर रेघ ओढत असे. रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनवर उतारा म्हणून प्रोटामिन देऊनही रेघा वर चढतच राहिल्या, तेव्हा क्रायोप्रेसिपिटेट हा प्लाझ्मापासून काढलेला रक्तघटक मागवला गेला, ज्यात फायब्रिनोजेनसह (ज्यापासून फायब्रिन बनते) नेमके वर सांगितलेले दोन घटक असतात. दोष स्टार्चचाच होता, असे मात्र एका रुग्णावरून म्हणता येणार नाही.