मदत हवी आहे: वजन उतरतंय, पण एसजीपीटी (यकृताचं एन्झाइम) अजून वाढलेलंच

नवऱ्याचं वय ४२, दारू अजिबात नाही. मार्चमध्ये सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २ निघालं. एसजीपीटी ९२, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९. हिपॅटायटिस बी, सी निगेटिव्ह. डॉक्टरांनी गोळी न देता वजन ७ ते १० टक्के कमी करायला सांगितलं.

साखर, बेकरीचे पदार्थ, कोल्ड्रिंक बंद. डब्यात भाताऐवजी ज्वारीची भाकरी आणि उसळ, रोज ४५ मिनिटं चालणं. चार महिन्यांत ८६ वरून ८१ किलोवर आले, एसजीपीटी मात्र ६८. काढे, 'लिव्हर डिटॉक्स' कृपया सुचवू नका. अशा काढ्यांनीच यकृत बिघडल्याचं जवळून पाहिलंय. आम्ही शाकाहारी आहोत आणि त्यांना कायम रात्रपाळी असते, खरी अडचण तीच.

फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) आत्ताच करावा की वजन अजून उतरल्यावर? आणि रात्रपाळी सांभाळून ज्यांचं ग्रेड २ खाली आलं, ते मुख्य जेवण किती वाजता घेत होते?