मदत हवी आहे: खानदेश नेमका कोणत्या प्रकारचा प्रदेश?

नमस्कार मंडळी. मानवी भूगोलात प्रदेशांचे प्रकार शिकतेय: औपचारिक (भाषेसारखा एखादा गुण सगळीकडे सारखा असलेला), कार्यात्मक (एका केंद्राशी व्यवहारांनी जोडलेला) आणि लोकांच्या मनातला. मुंबई महानगर कार्यात्मक, हे पटलं. कर्जत-कसाऱ्याहून लोकल रोज माणसं आणते, सगळं एका केंद्राशी जोडलेलं.

खानदेशापाशी मात्र गाडी अडते. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. आज त्या नावाचा जिल्हाच नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही नाशिक विभागात. तरी माझी आजी स्वतःला खानदेशीच म्हणवते, आणि अभिमानाने! मग हा मनातला प्रदेश? की अहिराणी बोलीमुळे औपचारिक? पण अहिराणी तर या तीन जिल्ह्यांबाहेर, नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण-मालेगावकडेही बोलतात. एकच प्रदेश दोन्ही प्रकारांत बसतो का? आणि सीमा कशावरून आखायची? कुणी नीट समजावून सांगेल का?