रोज चालणारी मोटारसायकल बाराही महिने स्वच्छ कशी ठेवता?

चाकधर:
मंडळी, गाडी रोजच्या वापराची आहे. पावसात चिखल, उन्हात धूळ, आणि ऋतू कुठलाही असो, मागच्या रिमवर चेनचे काळे शिंतोडे. धुतली की दोन दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. घरीच धुवावी की प्रेशरवाल्याकडे न्यावी? वॅक्स, पॉलिश, सिरॅमिक कोटिंग यातलं खरंच कामाचं काय? टाकी मॅट रंगाची आहे, बाकी भाग चकचकीत. रोज तासभर देणं जमणार नाही, हे आधीच सांगतो.

स्पोकवाला:
रोज धुवायची गरजच नाही. रोज फक्त पाणी. चिखल ओला असतानाच पाइपने किंवा मगाने साधं पाणी मारा, पाच मिनिटांचं काम. वाळू द्यायचा नाही, कारण वाळलेला चिखल फडक्याने पुसला की त्यातले खडे रंगावर घासले जातात आणि उन्हात गोल गोल ओरखडे दिसतात. धुळीचंही तेच. कोरड्या फडक्याने टाकी पुसत बसू नका.

सगळ्यात आधी बघायची जागा म्हणजे पुढच्या फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या शॉकॲब्सॉर्बरच्या, चकचकीत नळ्या. तेल आत अडवणाऱ्या रबरी सीलच्या तोंडाशी चिखलाचं बारीक कडं धरतं. ते सुकलं की फोर्क दबताना प्रत्येक वेळी ती रेती सीलवर घासते, मग सील गळतं आणि तेल खाली ब्रेकपर्यंत येतं. ओलं फडकं नळीभोवती एकदा फिरवलं की झालं. टाकी चमकवणारे शंभर भेटतात, इथे हात लावणारा एखादाच.

गिअरबदलू:
प्रेशर वॉशबद्दल माझं मत: वाईट नाही, पण नळी कुणाच्या हातात आहे त्यावर सगळं. चाकांचे बेअरिंग, स्टिअरिंगचा बॉलरेसर (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग), चेन, हँडलवरची बटणं, वायरचे कपलर, रेडिएटरच्या पातळ पट्ट्या, यांवर जवळून धार मारली की सीलच्या आत पाणी शिरतं, ग्रीस निघून जातं. मडगार्डच्या आतून आणि टायरवर खुशाल मारा. सायलेन्सरच्या तोंडात फडकं किंवा पिशवी कोंबा, फक्त काढायला विसरू नका. इंजिन गार झाल्याशिवाय गार पाणी नको.

स्पोकवाला:
+१. आणि भांडी घासायचा साबण नको, तो वॅक्सचा थर उतरवतो. गाडीचा सौम्य शाम्पू घ्या. दोन बादल्या ठेवा, एकीत शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी, धुण्याचा हातमोजा खळबळायला. वरून खाली या. चाकांचं फडकं वेगळं, ते टाकीला लावायचं नाही.

ग्रीसभाऊ:
रिमवर काळे शिंतोडे म्हणजे बहुतेक वेळा चेनला तेल जास्त झालंय, किंवा तेल लावून लगेच गाडी काढली जाते. रॉकेल किंवा चेन क्लीनर आणि मऊ ब्रश घ्या. पेट्रोल नको. ओ-रिंगची, म्हणजे कड्यांमध्ये ग्रीस अडवणाऱ्या रबरी रिंगा असलेली चेन असेल तर पेट्रोलने रबर खराब होतं, आतलं ग्रीस सुटतं, आणि आगीची भीती वेगळीच. पुसून कोरडी करा. मग फेरी मारून आल्यावर, चेन कोमट असताना, खालच्या बाजूच्या चेनला आतून तेल लावा, म्हणजे फिरताना ते बाहेर फेकलं जाऊन कड्यांमध्ये शिरतं. रात्रभर मुरू द्या, सकाळी वरचं जास्तीचं पुसून टाका. साधारण ५०० ते १००० किमीला एकदा. पावसात भिजली की आकडा विसरा, त्याच दिवशी लावा.

चाक हातानेच फिरवायचं. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसणाऱ्यांची बोटं गेली आहेत.

चाकधर:
चेनचं कोडं सुटलं, आभार! मॅट टाकीचं काय? आणि डब्ल्यूडी-४० चा फवारा चेनला चालतो का?

ग्रीसभाऊ:
मळ सोडवायला चालेल, वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नका. टिकत नाही.

गिअरबदलू:
मॅटला साधं वॅक्स, पॉलिश काहीही लावू नका. घासल्याने मॅटचा खरखरीतपणा जातो, तिथे चकाकणारे डाग पडतात आणि ते परत जात नाहीत. शाम्पू, पाणी, मायक्रोफायबरने टिपून घेणं, बस्स. पक्ष्याची विष्ठा आणि चिकटलेले किडे मात्र त्याच दिवशी भिजवून काढा, त्यांनी रंग खाल्ला जातो. चकचकीत भागांना अधूनमधून वॅक्स पुरे. सिरॅमिकने धुणं सोपं होतं हे खरं, पण धुणं टळत नाही. रोजच्या गाडीला मला तो खर्च पटत नाही.

त्यापेक्षा मागे लांब मडफ्लॅप लावा. घाण उडालीच नाही तर धुवायचं काय?

हिमस्वार:
थंड प्रदेशातली बाजू मांडतो. रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात तिथे, आणि समुद्राकाठीही, गाडी स्वच्छ दिसत असली तरी धुवा. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं आणि नटबोल्ट, अॅल्युमिनियमचे भाग कुरतडत राहतं. आधी भरपूर गार पाणी, खालून वर, इंजिनाच्या पोटाखाली. सुकल्यावर उघड्या धातूवर गंजरोधक फवारा. ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर त्याचा थेंबही उडता कामा नये.

स्पोकवाला:
टायरला चमक देणारं पाणीही नको, वळणावर गाडी घसरेल. धुतल्यावर सावकाश फेरी मारून ब्रेक दोन-चारदा दाबा, पाणी उडून जातं.

चाकधर:
शेवटचं, गाडी उघड्यावर उभी असते. कव्हर घालू का?

हिमस्वार:
घाला, पण हवा खेळेल असं. उन्हाने प्लास्टिक आणि सीट फिकी पडतात, ते वाचेल. ओल्या गाडीवर मात्र नको, आत दमटपणा कोंडून गंज लवकर धरतो. आणि सायलेन्सर गार झाल्यावरच, नाहीतर कव्हर त्याला चिकटून बसेल.