पेट्रोल शंभरच्या वर असताना ठाण्यात लोक एवढ्या मोठाल्या गाड्या का घेतात?

वर्तकनगरची:
नमस्कार मंडळी. घरात सध्या गाडीवरून रोज चर्चा चालू आहे म्हणून इथे विचारतेय. जुनी स्विफ्ट आता काढायचीय. मिस्टरांच्या मनात स्कॉर्पिओ-एन भरलीय, दीर म्हणतात घेताच आहात तर फॉर्च्युनर बघा. आम्ही घरात चार माणसं, त्यात सासूबाई आणि पहिलीतला मुलगा. मिस्टर रोज ऐरोलीला ऑफिसला जातात आणि एकटेच जातात, म्हणजे दोन टनांची गाडी एका माणसासाठी कॅडबरी जंक्शन ते तीन हात नाका फर्स्ट-सेकंडवर सरकत राहणार आणि पेट्रोल जळत राहणार, हे काही केल्या मला पटत नाहीये.

दुसरं म्हणजे मला या गाड्यांची खरंच भीती वाटायला लागलीय. परवा स्कूलबसच्या वेळेला सोसायटीच्या गेटसमोर एक मोठी गाडी वळत होती, मुलगा माझा हात सोडून जेमतेम दोन पावलं पुढे गेला आणि गाडी त्याच्या दप्तरापासून हातभर अंतरावर थांबली, तेही मी ओरडले म्हणून. चालवणाऱ्याने काच खाली केली नि म्हणाला, ताई, दिसलाच नाही हो. तो खोटं बोलत नव्हता. बॉनेटच मुलाच्या डोक्याच्या वर होतं.

ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांनीच सांगा, नक्की का घेतलीत? भांडायला विचारत नाहीये, मला समजून घ्यायचंय.

घोडबंदर_रोजचा:
ताई, माझ्याकडे स्कॉर्पिओ आहे, डिझेल. कासारवडवलीला राहतो त्यामुळे कारण एका शब्दात सांगतो, रस्ता. घोडबंदर रोडला पावसाळ्यात एकदा या म्हणजे कळेल, मेट्रो 4 च्या कामाचे पत्रे, सर्व्हिस रोड कुठे संपतो नि मेन रोड कुठे चालू होतो पत्ता नाही, पाणी साचलं की त्याखाली खड्डा आहे का चेंबरचं झाकण उघडं आहे काही दिसत नाही, आणि दोन्ही बाजूंना जेएनपीटीहून गुजरातकडे निघालेले ट्रेलर. आधी माझ्याकडे हॅचबॅक होती तेव्हा ट्रेलरचं चाक माझ्या खिडकीच्या लेव्हलला असायचं. इंजिनखालचं ऑइल चेंबर घासणं, रिम वाकणं, अलाइनमेंट हे दर पावसाळ्याचं. मोठ्या गाडीत वर बसलं की चार गाड्यांच्या पुढचं दिसतं आणि खड्ड्यात गेलं तरी पोटात गोळा येत नाही.

आता पेट्रोलचं. सगळे हेच विचारतात पण कागदावर मांडून कोणी बघत नाही. महिन्याला 1000 किमी धरा. स्विफ्ट शहरात 15 देते, म्हणजे 67 लिटर, 104 च्या भावाने सात हजार. माझी डिझेल 11-12 देते, 87 लिटर, डिझेल नव्वद धरलं तर पावणेआठ हजार. फरक हजाराच्या आतला. हीच गाडी पेट्रोलमध्ये घेतली असती तर शहरात 8 च्या वर गेली नसती, मग महिन्याला 13 हजार. पण त्याच्यापुढे ईएमआय बघा, 15 लाखाचं लोन सात वर्षांसाठी 9 टक्क्यांनी घेतलं तर 24 हजार हप्ता. जो माणूस 24 हजार हप्त्याला तयार झाला तो दोन-पाच हजाराच्या तेलाला अडत नाही. इंधन महाग आहे म्हणून मोठी गाडी घेणं थांबेल असं वाटणाऱ्यांनी हा हिशोब करून बघावा.

फक्त तुमच्या मिस्टरांना एक सांगा. बीएस-6 डिझेलला डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यात काजळी साठते आणि ती जळायला गाडी मधूनमधून मोकळ्या रोडवर सलग पळावी लागते. रोज फक्त ऐरोली आणि परत, तेही ट्रॅफिकमध्ये, असं असेल तर लाईट पेटणार आणि सर्व्हिस सेंटरच्या चकरा सुरू.

नौपाड्याचा_सीए:
वरचा हिशोब बरोबर आहे पण तो पगारदार माणसाचा झाला. रस्त्यावर ज्या फॉर्च्युनर दिसतात त्यातल्या बऱ्याच धंद्याच्या नावावर असतात. बिल्डर, कॉन्ट्रॅक्टर, ट्रान्सपोर्टवाले. गाडी धंद्यासाठी दाखवली की वर्षाला 15 टक्के डेप्रिसिएशन (घसारा), लोनचं व्याज, इन्शुरन्स, डिझेल, ड्रायव्हरचा पगार हे सगळं खर्चात जातं आणि तेवढ्या रकमेवर इन्कम टॅक्स लागत नाही. म्हणजे तेलाचे शंभर रुपये त्याला शंभराला पडतच नाहीत. बाकी जीएसटीचं क्रेडिट अशा गाडीवर मिळत नाही आणि कंपनीच्या नावाने घेतली तर महाराष्ट्रात रोड टॅक्स सरसकट 20 टक्के बसतो, त्यामुळे सगळं फुकट मिळतं असंही कोणी समजू नये. पण क्लायंट गाडी घ्यायला येतो तेव्हा पहिला प्रश्न "ॲव्हरेज किती" हा नसतोच, "खर्चात किती दाखवता येईल" हा असतो.

आणि टॅक्सचा परिणाम गाडीच्या साइजवर किती होतो ते बघण्यासारखं आहे. 2006 च्या बजेटमध्ये 4 मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनच्या गाड्यांची एक्साइज 24 वरून 16 टक्के केली, तेव्हापासून कंपन्या 3995 मिलिमीटरवर गाड्या कापायला लागल्या. नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, सगळ्या 3995. नंतर जीएसटी आला तेव्हा मोठ्या एसयूव्हीला सेस धरून 50 टक्के लागायचे. 22 सप्टेंबर 2025 पासून सेस गेला, मोठ्या गाड्यांना सरळ 40 आणि छोट्यांना 18. टक्क्यांत दोघांना साधारण सारखीच सूट, पण चाळीस लाखाच्या गाडीवर दहा टक्के म्हणजे रुपयांत किती ते तुम्हीच बघा. माझ्या मते मोठ्या गाडीवरचा कर कमी करायचं काहीच कारण नव्हतं, जो जास्त रस्ता अडवतो त्याने जास्त द्यावं.

गणपतीला_कणकवली:
आमच्याकडे सात सीटर आहे आणि ती फक्त गावासाठी घेतली. आई-बाबा, आम्ही चौघं, शिवाय मखराचं सामान, वाणसामान, येताना नारळ आणि तांदळाचं पोतं. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण किती वर्षं चाललंय ते सगळ्यांना माहितीय, वडखळ, इंदापूर, माणगाव करत गणपतीच्या गर्दीत जायचं म्हणजे कंबर शाबूत राहिली पाहिजे. हायवे सोडून घराकडे वळलं की जांभ्या दगडाची ओबडधोबड वाट आणि पुढे कच्चा चढ, तिथे लो गाडी सायलेन्सर घासतेच.

पण ताई, सासूबाईंचा विचार करा. स्कॉर्पिओ किंवा फॉर्च्युनरमध्ये चढायला फूटस्टेपवर पाय टाकून, वरचं हँडल धरून अंग वर ओढावं लागतं. आमच्या आईचे गुडघे गेलेत, शोरूममध्ये एका सेल्समनने आणि मी दोघांनी मिळून तिला चढवलं, उतरताना ती रडकुंडीला आली. त्याच दिवशी ती गाडी कॅन्सल केली नि एर्टिगा घेतली. सीट खुर्चीच्या उंचीवर असेल तर म्हाताऱ्या माणसाला बरं पडतं, फार खाली नको आणि फार वरही नको. बुकिंगच्या आधी सासूबाईंना घेऊन जाच, हे घरातल्या पुरुषांच्या लक्षात येत नाही.

डॅलसचा_चरईकर:
मी चरईतला, सध्या टेक्सासला असतो. इथे तर याच्या पुढची स्टेज आहे. एफ-150 नावाचा पिकअप, क्रू कॅब असेल तर पावणेसहा मीटरच्या वर लांब, दोन मीटर रुंद आणि मागचा हौदा बहुतेकांचा रिकामा. फोर्डची ही सिरीज 1977 पासून इथला सगळ्यात जास्त खपणारा ट्रक आहे.

कारणं बरीचशी सरकारीच आहेत. 1964 मध्ये युरोपशी कोंबडीच्या व्यापारावरून भांडण झालं, त्यात अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर 25 टक्के ड्यूटी लावली. भांडण विसरलं गेलं, ड्यूटी राहिली, त्यामुळे देशी कंपन्यांना ट्रकमध्ये स्पर्धाच नाही नि नफा भरपूर. मग 1973 च्या तेलटंचाईनंतर 1975 मध्ये मायलेजचा कायदा आला, त्यात कारला कडक नियम आणि "लाइट ट्रक"ला ढिले. एसयूव्ही ट्रकमध्येच धरल्या. साहजिकच कंपन्यांनी तेच बनवलं, तेच विकलं. पेट्रोलवरचा केंद्राचा टॅक्स गॅलनला 18.4 सेंट आहे आणि 1993 पासून तो वाढवलेलाच नाही. इथे रस्ते रुंद, पार्किंग मैदानासारखं, पगाराच्या मानाने पेट्रोल स्वस्त. यातली एकही गोष्ट ठाण्यात नाही, तरी हौस मात्र तीच येतेय, त्याचं मला फार वाईट वाटतं. गोखले रोडवर ती गाडी घालायची कुठे?

तुमच्या मुलाबद्दल वाचून अंगावर काटा आला. इथल्या आयआयएचएस या रस्ते-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेचा 2023 चा अभ्यास आहे, बॉनेटची उंची 40 इंचांच्या वर असलेल्या गाडीने चालणाऱ्याला उडवलं तर तो दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा साधारण 45 टक्क्यांनी जास्त. बुटकी गाडी पायाला लागते आणि माणूस बॉनेटवर पडतो, उंच गाडी सरळ छातीला नाहीतर डोक्याला लागते. लहान मुलाचं तर विचारूच नका.

घोडबंदर_रोजचा:
हे मान्य आहे. पण तुम्ही छोट्या गाडीत असताना समोरून तेवढीच मोठी आली तर? बायको-पोरं आत असतात. सगळे मोठ्या घेत असताना मी एकट्याने छोटी घेऊन काय होणार?

पाचपाखाडी_पायी:
दादा, तुम्ही खरं कारण बोललात. वजनदार गाडी आणि हलकी गाडी धडकली तर हलकीतल्या माणसांना जास्त लागतं, हे फिजिक्स आहे, कोणी नाकारत नाही. पण मग प्रत्येकजण शेजाऱ्यापेक्षा मोठी घेणार, आणि शेवटी सगळ्यात उघडा राहतो तो स्कूटरवाला, रिक्षावाला आणि फुटपाथ नसल्यामुळे रस्त्यावरून चालणारा. सियाम या गाडी कंपन्यांच्या संघटनेचे आकडे बघा, 2024-25 मध्ये देशात विकलेल्या पॅसेंजर गाड्यांपैकी 65 टक्के युटिलिटी व्हेईकल, म्हणजे एसयूव्ही वगैरे. म्हणजे तुम्ही जिच्या भीतीने मोठी घेतलीत ती आता तुमच्याच साइजची आहे.

आणि मोठी म्हणजेच सेफ हा समज सोडा. नोव्हेंबर 2024 मध्ये नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाच स्टार मिळाले, 4 मीटरच्या आतली साधी सेडान आहे. नेक्सॉनला 2018 मध्येच मिळाले होते. 2023 पासून आपलं स्वतःचं भारत एनकॅप आहे, रिझल्ट उघडून बघता येतात. स्टार बघून गाडी घ्या, मीटर बघून नको.

एक गोष्ट कोणी लिहीत नाहीये म्हणून लिहितो. पुष्कळ लोक रुबाबासाठी घेतात. पांढरी मोठी गाडी आली की वॉचमन गेट लवकर उघडतो, नाक्यावर रिक्षावाला बाजूला होतो, लग्नात हॉलच्या दारापर्यंत गाडी जाते. कष्टाने वर आलेल्या माणसाला याचं मोल असतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण माणसाला मान मिळवायला दोन टन लोखंड लागत असेल तर ते शहर चालणाऱ्या माणसाला काय वागणूक देतं याचा विचार करा, मी रोज चालतो म्हणून पोटतिडकीने लिहितोय.

वर्तकनगरची:
सगळ्यांचे मनापासून आभार. हिशोबाचा कागद मिस्टरांना वाचायला दिला, डीपीएफचं त्यांना माहीत नव्हतं. सासूबाईंना रविवारी शोरूमला नेतोय. आता ते म्हणतायत स्कॉर्पिओ नको तर निदान क्रेटा घेऊ, पार्किंगचं बघून घेऊ. आमचं पार्किंग स्टॅकमधलं आहे, म्हणजे मशीनवर एकावर एक गाड्या ठेवतात ते, त्यातलं खालचं पॅलेट. बसेल का कोणाला माहितीये का?

सोसायटी_कमिटी_ठाणे_प:
मी आमच्या कमिटीत पार्किंगचंच बघतो. बुकिंगच्या आधी खाली जाऊन मशीनवरची पाटी वाचा, उंची आणि वजन दोन्ही लिहिलेलं असतं. आमच्या खालच्या पॅलेटला 1550 मिलिमीटर उंची आणि 2000 किलो आहे. जुनी स्विफ्ट 1530 आहे म्हणून आजवर तुम्हाला अडचण आली नसेल. क्रेटा 1635, म्हणजे तीही जाणार नाही. स्कॉर्पिओ-एन साडेअठराशेच्या आसपास, विषयच नाही, आणि डिझेल फॉर्च्युनर तर वजनातही बाद. वरच्या पॅलेटशी अदलाबदल करून मिळत असेल तर आधी लेखी घ्या, तोंडी कबूल करून नंतर फिरलेली माणसं मी बघितलीत.

जमिनीवरची जागा मिळाली तरी टेप घेऊन जा. आमच्याकडे छोटी जागा 2.3 बाय 4.5 मीटर आहे. स्कॉर्पिओ-एन 4662 लांब, म्हणजे नाक ड्राइव्हवेत येणार, आणि 1917 रुंद, म्हणजे मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना वीत-वीतभरही उरत नाही, दार उघडून माणूस बाहेर येणार कसा? गेल्या वर्षी दोन मेंबरांनी अशा गाड्या आणल्या, आता त्या बाहेर रस्त्यावर उभ्या असतात आणि फायर ब्रिगेडची गाडी आत वळायची जागा त्यांनी अडवलीय. त्यावरून तीन मीटिंगा झाल्या, अजून मिटलेलं नाही. पाटीचा फोटो इथे टाका, कुठली गाडी बसेल ते मी सांगतो.