मदत हवी आहे: किराणा महिन्याचा भरायचा की लागेल तसा?
नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरला, घरात चौघं. सासूबाई उन्हाळ्यात सीहोरचा शरबती गहू वर्षाचा भरतात, एरंडेल लावून कोठीत, त्याचं टेन्शन नाही, पण बाकीचं बजेट काही बसत नाहीये. सियागंजातून डाळी, साखर, तेल ठोकमध्ये आणलं की स्वस्त पडतं खरं पण पावसाळ्यात तूरडाळीला कीड लागते, आणि मोबाइलवरून मागवायचं तर नुसतं दही हवं असतं तेव्हा सोबत चिप्स, बिस्किटं येतातच, मुलं मागतात ना! भाजी चोइथराम मंडीतून आठवड्याची आणतं का कोणी, की दारावरच्या ठेल्यावरचीच बरी? दूध आणि सकाळचे पोहे-जिलबी किराण्यातच धरता की वेगळं? डाळ टिकवायला काय करता तेही प्लीज सांगा.