देहरीची 'कल्पवृक्ष' वाडी: नमुना की अपवाद?

आगरवाट
'काडीही वाया न घालवणारी शेती ही पैसेवाल्यांची हौस आहे,' असं परवा एका बागायतदाराने ऐकवलं. म्हणून हा धागा काढतोय.

गुजरातच्या उंबरगाव तालुक्यात देहरीला नैसर्गिक शेती करणारे भास्कर सावे यांची 'कल्पवृक्ष' वाडी आहे. घोलवडनंतरचं स्टेशन उंबरगाव, म्हणजे डहाणूकडच्या चिकूवाल्यांना शेजारघरच. १४ एकर, त्यात बरीचशी नारळ-चिकूची. सावे आधी रासायनिक खतं वापरायचे, मग सोडली. नैसर्गिक शेतीवाले जपानी शेतकरी फुकुओका येऊन गेले आणि आपल्या शेतापेक्षाही सरस म्हणाले. सावे २०१५ मध्ये वारले.

मला मात्र कौतुकापेक्षा तिथले चर महत्त्वाचे वाटतात. झाडांच्या दोन ओळींमध्ये चर, पाणी त्यातच, खोडापासून लांब. मुळं ओलाव्यामागे पसरत जातात. झावळ्या, पाला, कापलेलं तण जागच्या जागी आच्छादन म्हणून पडून. आणि आपण? पाला झाडून काडी लावायची, मग मे महिन्यात शेणखताचा ट्रक मागवायचा. हौस नेमकी कोणाची?

जमाखर्च
चरांबद्दल वाद नाही. पण 'काहीच वाया जात नाही' हे अर्धसत्य. दर नारळाबरोबर पालाश (पोटॅश) वाडीबाहेर जातं, आणि नारळाला तेच सगळ्यात जास्त लागतं. नारळ सोलून विकलात तर सोडणाबरोबर (वरच्या सालाबरोबर) बरंचसं वाडीतच राहतं. शहाळी विकलीत तर सगळं टेम्पोत. शिवाय तिथे नारळाची रोपवाटिकाही होती. रोपांचे पैसे फळबागेच्या खात्यात धरू नका. घरच्या माणसांची मजुरी कोणत्या रकान्यात टाकलीत?

आगरवाट
रोपवाटिकेचं मान्य. घरची मजुरी तुम्ही तुमच्या उसात तरी धरता का हो?

किडेमकोडे
दोघंही किडीवर गप्प. चिकूची बी पोखरणारी अळी आत असते तोवर फळ वरून चांगलं दिसतं. ती बाहेर पडताना भोक पाडते तेव्हा कळतं. अशी गळलेली फळं 'निसर्गाला परत' म्हणून झाडाखालीच ठेवलीत की पुढच्या बहारालाही तीच कीड. वेचून नष्टच करावी लागतात.

शेणखड्ड्याचंही तेच. गेंड्या भुंगा अंडी घालतो ती कुजक्या शेणात, सडलेल्या खोडात. खड्डा उपसला की पांढऱ्या, जाडजूड, वळलेल्या अळ्या सापडतात. नारळाची नवी झावळी कात्रीने कापल्यासारखी उलगडली की समजायचं, भुंगा शेंड्यात जाऊन आलाय. यावर खड्ड्यात मेटारायझियम ही अळ्या मारणारी बुरशी मिसळतात, चांगला उपाय आहे. पण खड्डा भरून विसरून गेलात तर वाडीत भुंगेच पाळताय.

पऱ्हाटी_यवतमाळ
तुमचं चिकू-नारळ चालू द्या. आमच्याकडे कापूस संपला की पऱ्हाट्या (कापसाची वाळकी झाडं) शेतात ठेवू नका म्हणतात, गुलाबी बोंडअळी राहते. जाळू पण नका म्हणतात. बारीक करून मातीत मिसळायचं यंत्र आहे, पण त्याचं भाडं कोण देणार? बाया चुलीला नेतात तेवढंच बरं. विहीर जानेवारीतच तळाला जाते, तिथे तुमच्या चरांत काय सोडू?

आगरवाट
यवतमाळात नारळ लावा असं मी म्हटलेलंच नाही. यंत्राचं म्हणाल तर गावाने मिळून एक घ्यावं, एकट्याला नाहीच परवडणार.

किडेमकोडे, गळलेली फळं खड्ड्यात पुरली तर ती वाडीतच राहिली ना? मग कचरा कुठे झाला? किती खोल पुरायची ते सांगा.

जमाखर्च
थांबा, आधी शहाळ्यांच्या पालाशचं उत्तर द्या.